ट्रॅक्टर आणि अवजार यांची जोडणी : एका दुर्लक्षित प्रश्नाचा आढावा

शेतीच्या यांत्रिकीकरणाची चर्चा बहुधा ट्रॅक्टरची अश्वशक्ती, डिझेलचा खर्च, अवजाराची रुंदी आणि मशागतीचा एकरी दर यांच्याभोवती फिरते. ट्रॅक्टरला अवजार जोडणे आणि काम संपल्यावर ते सोडणे हा भाग इतका किरकोळ समजला जातो की अवजार खरेदी करतानाही त्याविषयी फारशी विचारपूस होत नाही. वस्तुतः एरवी आसनावर बसलेला चालक आणि अंतरावर उभा असलेला मदतनीस हे दोघेही यंत्राच्या सर्वांत जवळ जातात ते याच वेळी. आणि दिवसातून तीन-चार वेळा अवजार बदलावे लागणाऱ्या भाडेतत्त्वावरील ट्रॅक्टरचा बराचसा वेळ खर्ची पडतो तोही याच कामात. म्हणून जोडणीची सुरक्षितता आणि जोडणीचा वेग हे दोन प्रश्न एकत्रच तपासावे लागतात. गेल्या शतकभरात या प्रश्नाची वाटचाल कशी झाली, आज कोणते पर्याय उपलब्ध आहेत, त्यांविषयी कोणती मते मांडली जातात आणि महाराष्ट्राच्या शेतीत त्यांतील काय टिकते, याचा विचार पुढे केला आहे.

पार्श्वभूमी

ट्रॅक्टर शेतात आला तेव्हा त्याने प्रथम फक्त बैलाची किंवा घोड्याची जागा घेतली. अवजार तेच राहिले आणि ते साखळीने किंवा लोखंडी दांडीने ट्रॅक्टरच्या मागे ओढले जाऊ लागले. १९१७ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या काळात या पद्धतीतील धोका ठळकपणे पुढे आला. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की नांगर जागीच थांबे, पण इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे जातच राही. चाकांना पुढे सरकता येत नसल्याने ट्रॅक्टरचा पुढचा भाग मागच्या आसाभोवती वर उचलला जाई आणि संपूर्ण यंत्र उलटून चालकावर पडे. अशा उलटण्यात अनेक चालकांचे प्राण गेले.

उत्तर आयर्लंडचे अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नावर काढलेले उत्तर आजही जगभर वापरात आहे. १९२६ च्या सुमारास त्यांच्या पेटंटमधून आकाराला आलेल्या रचनेत अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडले जाते: खाली दोन उचलदांड्या, ज्यांना बोलीभाषेत लोअर लिंक म्हणतात, आणि वर मध्यभागी एक लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी, म्हणजे टॉप लिंक. खालच्या दोन दांड्या अवजार ओढतात, तर अवजाराचा जोर वरच्या दांडीतून पुढे ढकलला जाऊन ट्रॅक्टरचे नाक खाली दाबून धरतो. त्यामुळे फोर्डसनच्या काळातील उलटण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी झाला. वरच्या दांडीवरील दाब हायड्रोलिक यंत्रणेला कळवून नांगराची खोली आपोआप राखण्याची सोयही याच रचनेत होती. भारतीय ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ‘एडीडीसी’ म्हणून जी सोय सांगितली जाते, ती याच कल्पनेची वंशज आहे. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बाजारात आला, १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरने ही तीन बिंदूंची जोडणी सर्वदूर पोहोचवली. पुढे तो करार मोडला, न्यायालयीन लढाई झाली आणि १९५२ मध्ये फर्ग्युसन यांना सुमारे साडेब्याण्णव लाख डॉलर मिळून वाद मिटला. त्या काळाच्या मानाने ही जोडणी वेगवानही होती, कारण पानेपक्कड न वापरता केवळ पिना काढून-घालून अवजार बदलता येत असे.

याच सुमारास दुसरा धागा स्वतंत्रपणे वाढत होता. १९१८ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने इंजिनाची फिरती शक्ती ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूने बाहेर काढून अवजाराला देण्याची सोय, म्हणजे पीटीओ, व्यापारी पातळीवर आणली. १९२७ मध्ये अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या संघटनेने तिचे मानक ठरवले, त्यातून मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग रूढ झाला आणि १९५८ मध्ये मोठ्या यंत्रांसाठी १००० फेऱ्यांचा पर्याय आला. फर्ग्युसन यांच्या रचनेने अवजाराचे वजन आणि ओढ यांचा प्रश्न सोडवला, पण फिरत्या शाफ्टचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. आजच्या चर्चेतील बराचसा गुंता या दोन धाग्यांच्या वेगळेपणातून आला आहे.

मानकांचे काम त्यानंतर झाले. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७३० आणि भारतीय मानक आयएस ४४६८ यांनी तीन बिंदूंच्या जोडणीच्या श्रेणी ठरवल्या. श्रेणी १ मध्ये खालच्या पिनेचा व्यास २२ मिलिमीटर, श्रेणी २ मध्ये २८ मिलिमीटर असतो; दोन खालच्या बिंदूंमधील अंतर अनुक्रमे सुमारे ६८३ आणि ८२५ मिलिमीटर धरले जाते. द्राक्षबागेत चालणाऱ्या अरुंद ट्रॅक्टरसाठी याहून अरुंद उपश्रेणीही आहे.

धोका नेमका कोठे असतो

रूढ पद्धतीत चालक ट्रॅक्टर मागे घेतो, खाली उतरतो, आधी डावी उचलदांडी अवजाराच्या पिनेवर चढवून लिंच पिन, म्हणजे कडी असलेली खिळपिन, लावतो, मग उंची फिरवून जुळवता येणारी उजवी दांडी आणि शेवटी टॉप लिंक जोडतो. ट्रॅक्टर दोन-चार इंच चुकीच्या जागी थांबला असेल तर तो पुन्हा हलवावा लागतो, आणि हे काम दोघे करीत असतील तर दुसरा माणूस त्या वेळी ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मधोमध उभा असतो. क्लचवरून पाय सटकणे, चढावर ब्रेक न धरणे किंवा ‘घे’ आणि ‘थांब’ या हाकांची गल्लत होणे, एवढे कारण माणूस चिरडला जाण्यास पुरेसे असते. लिफ्टवर उचलून धरलेल्या अवजाराखाली हात घालणे हा दुसरा धोका, कारण ते अवजार केवळ तेलाच्या दाबावर तोललेले असते.

तिसरा धोका पीटीओ शाफ्टचा, आणि तो सर्वांत निर्दय आहे. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. साडेसात सेंटीमीटर जाडीचा शाफ्ट या वेगाने फिरत असेल तर त्यात अडकलेले कापड सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेगाने गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, पदर, ओढणी किंवा स्वेटरची बाही अडकल्याचे ध्यानात येऊन माणूस मागे सरकेपर्यंत सारे संपलेले असते. ताकद लावून स्वतःला सोडवणे या वेगापुढे शक्यच नसते. चौथा धोका हायड्रोलिक नळ्यांचा. पलटी नांगर किंवा उचलणारी ट्रॉली जोडताना ज्या नळ्या लावाव्या लागतात, त्यांतील तेलाचा दाब दोनशे बारच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे शंभर पट असू शकतो. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार त्वचेखाली शिरते, जखम बाहेरून क्षुल्लक दिसते आणि तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय खालच्या दांड्यांच्या टोकाला पिनेच्या छिद्राऐवजी वरून उघडा हूक बसवण्याचा आहे. अवजाराच्या पिनांवर आधीच लोखंडी गोळे चढवून ठेवले जातात, चालक मागे येऊन दांड्या वर उचलतो, गोळे हुकांत बसतात आणि स्प्रिंगची जीभ त्यांना आतून कुलूप लावते. वरच्या दांडीलाही तसाच हूक असेल तर ती आसनावरून हात लांबवून टाकता येते. अवजारात जवळजवळ काहीच बदल करावा लागत नाही, हे या पर्यायाचे मोठे बलस्थान होय.

दुसरा पर्याय त्रिकोणी जोडचौकटीचा. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची एक चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही बिंदूंना कायमची बसवतात आणि अवजारावर तिला झाकणारा तसाच त्रिकोण वेल्ड करतात. ट्रॅक्टर मागे येऊन चौकट उचलली गेली की त्रिकोण आपोआप मध्यभागी बसतो; जमीन थोडी उंचसखल असली तरी चालते. अडचण अशी की प्रत्येक अवजारावर तो त्रिकोण असावा लागतो. तिसरा पर्याय उलट्या ‘यू’ आकाराच्या चौकटीचा आहे, तिला वर एक आणि खाली दोन हूक असतात आणि ती मूळ पिनाच पकडते. ती अमेरिकेत विशेष रूढ आहे, पण तिच्यासाठी अवजाराच्या उभ्या सांगाड्याची उंची ठरावीकच असावी लागते. या सर्व प्रकारांची मापे आयएसओ ११००१ या मानकात निश्चित केलेली आहेत.

चौकटींना एक तांत्रिक किंमत मोजावी लागते. चौकटीमुळे अवजार साधारण दहा सेंटीमीटर मागे सरकते, चौकटीचे स्वतःचे वजन भरीस पडते, म्हणून लिफ्टची उपयुक्त उचलक्षमता घटते आणि ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होते. ऐंशी-शंभर अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हा फरक जाणवतही नसेल. पण पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहा फुटी रोटाव्हेटर उचलून बांधावरून वळत असताना तो नक्की जाणवतो. शिवाय अवजार मागे गेल्याने पीटीओ शाफ्ट तोकडा पडतो. शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या काम करताना निदान एक तृतीयांश लांबीपर्यंत एकमेकींत असाव्यात, असा सर्वसाधारण नियम आहे. तो पाळला गेला नाही तर शाफ्ट वाकतो किंवा चालू कामात सुटतो.

ट्रॉलीसाठी वेगळी साधने आहेत. युरोपात लिफ्टच्या साहाय्याने खाली उतरणारा आणि ट्रॉलीच्या दांडीचे कडे स्वतः उचलून घेणारा हूक, तसेच ८० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याची जोडणी प्रचलित आहे. दोन्हींत माणसाला दांडी हातात धरून उभे राहावे लागत नाही, पण ट्रॉलीच्या दांडीला ठरावीक उंचीवर धरून ठेवणारा टेकू आवश्यक असतो.

इलेक्ट्रॉनिक जोडणीचा विचार येथे थोडक्यात पुरे. आयएसओ ११७८३ या मानकावर आधारलेली आयसोबस पद्धत ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यात एका नऊ टोकांच्या प्लगमधून माहितीची देवाणघेवाण करते, आणि तिचा प्रसार करणारी उत्पादकांची संघटना २००८ पासून काम करते. तिने केबलींचे जंजाळ कमी केले. दांड्या जोडण्याची पद्धत मात्र आहे तशीच राहिली.

मतांतरे

पहिला पक्ष यंत्ररचनेवर भर देणाऱ्या अभियंत्यांचा आहे. त्यांच्या मते माणसाची सावधगिरी थकव्याने, घाईने आणि सवयीने बोथट होतेच. म्हणून ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मधे जाण्याची गरजच उरू नये अशी जोडणी हेच खरे उत्तर. औद्योगिक सुरक्षिततेतील सर्वमान्य क्रमही असाच आहे: आधी धोका काढून टाकावा, ते न जमल्यास आडोसा उभा करावा आणि प्रशिक्षण व सूचना यांवर सर्वांत शेवटी विसंबावे.

दुसरा पक्ष संरक्षक आवरण आणि प्रशिक्षण यांना अग्रक्रम देतो. त्याचा युक्तिवाद असा की जोडचौकट केवळ तीन बिंदू जोडते. पीटीओ शाफ्ट आणि नळ्या जोडायला माणसाला पुन्हा त्याच जागी जावे लागते, मग सर्वांत घातक भाग तसाच राहतो. शाफ्टवरचे न फिरणारे प्लास्टिकचे नळीसारखे आवरण आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवरील लोखंडी छत्री ही साधी, स्वस्त साधने अधिक जीव वाचवतील, असे हा पक्ष मानतो. अमेरिकेत १९७६ पासून तयार होणाऱ्या शेतयंत्रांवर अशी आवरणे बंधनकारक झाली. युरोपीय संघाच्या यंत्रविषयक नियमांनी शाफ्टसोबत आवरण असलेच पाहिजे असे सांगितले, एवढेच नव्हे तर सोडलेला शाफ्ट जमिनीवर आपटून आवरण फुटू नये यासाठी तो अडकवून ठेवण्याची सोयही मागितली.

येथे एक व्यावहारिक मुद्दा अधिक विचार मागतो. आवरण असूनही शेतावर ते टिकत का नाही? शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसला वरचेवर ग्रीस द्यावे लागते. आवरण काढल्याशिवाय ग्रीसगन पोहोचत नसेल तर ते एकदा निघते आणि परत बसत नाही. त्याला फिरू न देणारी बारीक साखळी तुटते, मग ते शाफ्टबरोबर फिरू लागते, तडकते आणि काढून टाकले जाते. सुटे आवरण तालुक्याच्या दुकानात मिळत नसेल तर पुढची सर्व वर्षे शाफ्ट उघडाच फिरतो. चालकाच्या बेफिकिरीला दोष देण्याआधी रचनेतील आणि पुरवठ्यातील ही उणीव पाहणे न्यायाचे ठरेल. ग्रीससाठी खिडकी असलेली आवरणे उपलब्ध आहेत आणि त्यांचा अनुभव पहिल्या दोन पक्षांना एकत्र आणणारा आहे, कारण चांगले आवरण हासुद्धा शेवटी रचनेचाच प्रश्न आहे.

अशीच ओढाताण आसन-सुरक्षा-स्विचबाबत दिसते. चालक आसनावरून उठला की पीटीओ थांबावा, अशी सोय अनेक परदेशी ट्रॅक्टरमध्ये असते. भारतात पीटीओवर मळणी यंत्र, कडबा कुट्टी, पाण्याचा पंप ही उभ्या जागची कामे तासन्‌तास चालतात आणि चालक त्या वेळी खाली उतरून पेंढ्या सारत असतो. अशा ठिकाणी तो स्विच तार जोडून निकामी केला जाण्याची शक्यता मोठी, आणि निकामी केलेले सुरक्षा-साधन नसलेल्या साधनाइतकेच धोक्याचे असते. उभ्या कामासाठी स्वतंत्र, जाणीवपूर्वक दाबावे लागणारे बटण देऊन हा पेच सोडवता येतो, असे काही अभियंते सुचवतात.

तिसरा पक्ष खर्चाचा आणि सुसंगतीचा विचार पुढे करतो. युरोपातील शेतकरी एकाच मानकाची अवजारे विकत घेतो. भारतात रोटाव्हेटर एका मोठ्या कारखान्याचा, नांगर तालुक्याच्या वर्कशॉपमधला आणि पेरणी यंत्र तिसऱ्याच ठिकाणचे असते. त्यांच्या पिनांची जाडी, सांगाड्याची उंची आणि बिंदूंमधील अंतर मानकाशी जुळेलच याची खात्री नसते, म्हणून कोणतीही झटपट जोडणी निम्म्या अवजारांना लागू पडते आणि उरलेल्यांसाठी जुनीच पद्धत राहते. या पक्षाच्या मते मानकाची अंमलबजावणी आधी आणि नवे साधन नंतर, हाच क्रम योग्य.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात या प्रश्नाची तीन वेगवेगळी रूपे दिसतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर फवारणीच्या फेऱ्या एकामागून एक येतात. अरुंद ट्रॅक्टरला ब्लोअर जोडणे, तो सोडून रोटाव्हेटर लावणे आणि पुन्हा ब्लोअर जोडणे असा क्रम सुरू राहतो, आणि पावसाची चाहूल लागली की हे सारे अंधारात, घाईने होते. येथे वेगाची गरज खरी आहे आणि अवजारे मोजकी असल्याने हूक किंवा त्रिकोणी चौकट परवडण्यासारखी आहे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यांतील प्रश्न ट्रॉलीचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या ओढल्या जातात. ओल्या फडातून त्या एकेक करून बाहेर काढाव्या लागतात आणि रस्त्यावर पुन्हा एकीमागे एक जोडाव्या लागतात. भरलेल्या ट्रॉलीची दांडी हाताने हलत नाही, म्हणून ट्रॅक्टर इंचाइंचाने मागे घेत छिद्रे जुळवली जातात आणि पिन हातात घेतलेला माणूस नेमका मधे असतो. येथे चौकटींचा काही उपयोग नाही. दांडीला उंची जुळवणारा जॅक, स्वतः अडकणारा हूक आणि पिन निसटली तरी ट्रॉली धरून ठेवणारी सुरक्षा-साखळी यांचीच गरज आहे. फडात रुतलेला ट्रॅक्टर किंवा ट्रॉली ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा आसाच्या वर बांधली तर फोर्डसनच्या काळातील मागे उलटण्याचा धोका जसाच्या तसा परत येतो. ती नेहमी खालच्या ओढदांडीलाच बांधली पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात ट्रॅक्टर बहुधा भाड्याने येतो आणि अवजार बँकांतील एकच अवजार वेगवेगळ्या ट्रॅक्टरना लावले जाते. पिना आणि गोळे यांची अदलाबदल येथे सर्वाधिक होते, आणि बारीक पिन मोठ्या छिद्रात बसवून काम निभावण्याची सवयही येथेच धोक्याची ठरते.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न नोंदींचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात कारखाना व यंत्र अपघात असा गट आहे, पण जोडणी करताना झालेला अपघात त्यातून वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यूसाठी २ लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये दिले जातात. त्या प्रस्तावांतील कागदपत्रांत अपघाताचे वर्णन असते. कृषी विद्यापीठांनी त्या वर्णनांची वर्गवारी केली तर कोणता पर्याय आधी हाती घ्यावा याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. धोकादायक यंत्रे विनियमन अधिनियम, १९८३ हा मुख्यतः मळणी यंत्रांच्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर आला. त्याची व्याप्ती वाढवून पीटीओ शाफ्ट त्यात आणावा, की अनुदानाच्या अटींतून तेच साधावे, याबाबत दोन्ही बाजूंना वजनदार कारणे आहेत: कायदा सर्वांना लागू होतो, पण शेताच्या बांधावर त्याची तपासणी करणारी यंत्रणा उभी करणे अवघड; अनुदानाची अट अनुदान घेणाऱ्यापुरतीच, पण ती तपासणे सोपे. अमेरिकेतही दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर या नियमांची अंमलबजावणी केली जात नाही.

तिसरा प्रश्न शाफ्टच्याच भवितव्याचा. फिरता शाफ्ट काढून त्याऐवजी विजेच्या मोटरने अवजार चालवण्याचे प्रयोग मोठ्या यंत्रांवर झाले आहेत; त्यांत गुंडाळले जाण्याचा धोका जातो, पण शेकडो व्होल्टच्या जोडणीचा नवा धोका येतो, आणि चिखल-धूळ-पाण्यात ती जोडणी किती वर्षे सुरक्षित राहील हे ठरण्यासाठी काळ जावा लागेल.

उपलब्ध पर्यायांचा विचार करता छोट्या आणि मध्यम ट्रॅक्टरच्या महाराष्ट्रासाठी पूर्ण स्वयंचलित जोडणीपेक्षा खालच्या दांड्यांचे हूक, ग्रीसची खिडकी असलेले शाफ्टचे आवरण आणि ट्रॉलीच्या दांडीचा जॅक ही तीन साधने आधी पोहोचणे अधिक फलदायी ठरेल, असे दिसते. अनुदानपात्र अवजाराच्या तपासणीत पिनेचा व्यास, बिंदूंमधील अंतर, सांगाड्याची उंची आणि आवरण या चार बाबी प्रत्यक्ष मोजण्याची अट कृषी विभागाने घालावी, आवरणाचे सुटे भाग उत्पादकांनी तालुक्याच्या विक्रेत्यापर्यंत पोहोचवावेत. आणि तोवर प्रत्येक ट्रॅक्टर मालकाने इंजिन बंद करून, किल्ली खिशात घेऊन आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहूनच माणसाला मधे जाऊ द्यावे.